कमलिनीच्या पाठीवरचे ठिपके

झाशीच्या नगरा भागातल्या त्या मांडवात उभं राहायला जागा नव्हती. चिरगावहून बस भरभरून माणसं आली होती. समोर हातानं मणके सरळ करून देणारे मणकेवाले बापूराव, आणि त्यांच्यापुढे माझी भाची कमलिनी, पाठ दिसावी म्हणून कुर्ता बटणं मागे येतील असा उलटा घालून पाठमोरी उभी.

"झुको बिटिया. डावा हात पुढे ताण," म्हणत बापूरावांनी तिच्या पाठीवर गेरूचे ठिपके सरळ ओळीत दिले. हात सोडून ती उभी राहिली तर ओळ वाकडी! मग मंत्र, मालिश, सांध्यांचा कडकडाट. "आता हात पुन्हा ताण, मारुतीरायाकडे बघ."

ओळ सरळ!

"चमत्कार है भैया!" मांडव दुमदुमला.

वर्षभर हेच चाललं होतं. कमलचा कणा वाकत चालला होता, तो बाक वाढू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेला पाठीचा पट्टा बापूरावांनी पहिल्याच दिवशी सोडायला लावला. म्हणे त्यानं वायू कोंडतो! वायू कुठे निघाला होता, ते त्यांनाच ठाऊक.

"जना, आपला माणूस आहे रे," दुर्गाताई म्हणायची. "झाशीत कोण बोलतं आपल्याशी मराठीत?" चार मराठी वाक्यांवर माझी शिकलेली बहीण भुलली. मला त्या भामट्याइतकाच आपल्या भाषेच्या आमच्या या भुकेचाही राग आला.

मी कॉलेजात विज्ञान शिकवतो. त्या दिवशी मांडवात सरळ पुढे जाऊन सदरा काढला, वाकलो, डावा हात ताणला. "कमल, दे ठिपके. सरळ ओळीत." मग हात सोडून उभा राहिलो.

"अरे, मास्टरजी की भी टेढ़ी!" कुणी तरी ओरडलं. मी हात ताणला. ओळ पुन्हा सरळ.

"सरकते ती कातडी," मी म्हणालो. "हाड जागचं हलत नाही."

लोक हसले. बापूरावही हसले. "तुमच्यात श्रद्धाच नाही, मास्तर." आणि मागची रांग पुढे सरकली.

शेवटी आम्ही कमलला पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडापुढे धरला. कण्याचा बाक फार वाढला होता. "हड्डियों की बढ़त रुक चुकी है. पट्टे का समय निकल गया. अब ऑपरेशन, और उससे भी पूरी सीधी नहीं होगी."

"मामा, मी पट्टा घालते ना आता," कमल म्हणाली. "दिन-रात घालेन. पक्का."

दुर्गाताईनं तोंडाला पदर लावला. 

मालिशनं दुखणं घटकाभर हलकं होत असेल, पण असा वाकलेला कणा कुणाच्या हातांनी सरळ होत नाही. कुणी ठिपके काढू लागला, तर तो आपल्या भाषेत बोलो की परक्या, त्याला उपचाराआधीचा आणि नंतरचा एक्स-रे दाखवायला सांगा. आणि मूल वाढत असतानाच सांगा. आमच्या कमलची वाढ थांबली आहे.