एका खिळ्यावर दोन नकाशे

मित्रांनो, मी जगाचा एक जुना नकाशा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी आहे. मंडईजवळच्या एका शाळेत, आठवीच्या वर्गात, एकाच खिळ्यावर मी पासष्ट वर्षं काढली. एवढ्या वर्षांनी शेजारी कुणी चकचकीत नवा आणून ठेवला, तर पोटात दुखणारच.

माझा जन्म १९५९ सालचा. कापडावर कागद ताणून, वर-खाली लाकडी दांड्या ठोकून मला बनवलं. ब्रिटनच्या ताब्यातले मुलूख गुलाबी, फ्रान्सचे जांभळे, पोर्तुगालचे हिरवे. आपला भारत पिवळा, पण त्याच्या कडेला गोवा हिरवाच. १९६० साली मी शाळेत आलो, आणि त्या एकाच वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. भिंतीवर चढलो तोच मी शिळा.

मुलं हसली. भूगोलाचे तात्याराव सर हसले नाहीत. त्यांनी पतंगाचा पिवळा कागद आणला, कणकेची खळ शिजवली आणि सुटलेल्या प्रत्येक देशाच्या आकाराचा तुकडा कापून माझ्यावर डकवला. त्यावर शाईनं साल लिहिलं. पुढे ती वर्गाची रीतच पडली. गोव्याचा तुकडा नखाएवढा, पण तो चिकटवायला अख्खा वर्ग रांगेत उभा होता. तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं. मग सर निवृत्त झाले. माझ्या कडा फाटल्या, खळीला झुरळं लागली, आणि कुणी माझ्याकडे ढुंकून पाहीना.

यंदा जूनमध्ये तो नवा नकाशा आला. लॅमिनेशन केलेला, ओल्या फडक्यानं पुसला तरी चालतो म्हणे. मुलांनी त्याच्यासोबत फोटो काढले. माझ्यासोबत आजवर एकानंही काढला नव्हता. मी नुसता जळत होतो. त्यात खिळा एकच, म्हणून जुना उतरवून रद्दीत द्यायचं ठरलं.

शिपाई दत्तोबा मांजरी गावाहून येतात. स्टुलावर चढून ते माझी दोरी ओढू लागले. खाली भूगोलाच्या चैताली मॅडम उभ्या होत्या.

"मॅडम, गाठ लई घट्ट हाय. सुरी आणावी लागंल."

ते सुरी आणायला गेले आणि मला बरं वाटलं. मी त्या गाठीला जीव खाऊन धरलं होतं. ही भिंत माझी. मी काय इथं पाहुणा आहे?

रिकाम्या स्टुलावर मैत्री नावाची मुलगी चढली आणि माझ्यावरची सालं वाचू लागली.

"मॅडम, गोवा १९६१, अंगोला १९७५, झिंबाब्वे १९८०. आपण तर सत्तेचाळीसलाच. यांना एवढा उशीर का?"

"झोपले असतील," मागच्या बाकावरून चेतन म्हणाला.

"जागे होते," चैताली मॅडम म्हणाल्या. "अंगोलातले लोक चौदा वर्षं लढले. झोपेचं सोंग राज्य करणाऱ्यांनी घेतलं होतं. हे बघा, एखादा भाडेकरू भांडून का होईना, पण उठतो. दुसऱ्यानं अंगणात बाग लावलेली असते, मुलांची लग्नं तिथंच केलेली असतात. तो म्हणतो, घर माझंच. केनियात, झिंबाब्वेत गोरे लोक असे शेतं-घरं करून बसले होते. आणि पोर्तुगालनं तर दारावरची पाटीच बदलली. या वसाहती नाहीतच, म्हणे, आमचे प्रांत आहेत. वसाहत असली तर सोडायचा प्रश्न. प्रांत कोण सोडतो?"

"म्हणजे उशीर सुटणाऱ्यांनी नाही केला," मैत्री सावकाश म्हणाली, "सोडणाऱ्यांनी केला."

"कारणं आणखीही आहेत. पण हे मोठं."

मित्रांनो, मला लाज वाटली. मघाशी मीही तेच म्हणालो होतो, ही भिंत माझी. तेवढ्यात दत्तोबा आले. गाठ आपोआप ढिली झाली, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. ती सुरीनंच कापावी लागली.

"रद्दीत नको, मॅडम," मैत्री म्हणाली. "नव्यावर एकही साल नाहीये."

मॅडमनी दोन बाकं जोडून मला त्यावर पसरलं. मुलांची बोटं कित्येक वर्षांनी माझ्यापर्यंत पोचली. मैत्रीला नामिबिया सापडला. तो १९९० साली स्वतंत्र झाला, पण तात्याराव सर तेव्हा शाळेत नव्हते, म्हणून माझ्यावर तो अजून परक्याच रंगात होता. त्या बिचाऱ्याला माझ्यामुळे पस्तीस वर्षं जादा झाली. मैत्रीनं त्याचाही तुकडा कापला.

आता मी त्या बाकांवर असतो. मधल्या सुट्टीत मुलं माझ्यावर कोपरं टेकून सालांवरून भांडतात. तो नवा वर खिळ्यावर एकटाच लटकतो आणि खाली बघत राहतो. त्याला काय होतंय ते मला न सांगता कळतं. म्हणून एक विनंती. जुन्या वस्तू जपा, हे सगळेच सांगतात. मी म्हणतो, त्या नव्याकडेही मान वर करून बघत जा.

आठवड्यातून एकदा पुरे.