खुणांची पट्टी

गुरुवारी बाजार भरला की सुकुमारच्या औषधांच्या दुकानापुढे पाय ठेवायला जागा नसे. वाळवा तालुक्याच्या त्या टोकाला दुसरं दुकानच नव्हतं. नवा औषध कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, पण सुकुमारने सांगलीत राहून कंपाउंडरची परीक्षा दिलेली, त्यामुळे परवाना पहिल्या फटक्यात मिळाला. तो त्याने काचेत घालून गल्ल्याच्या वर टांगला होता. विषारी औषधांचं कपाट कायम कुलपात, किल्ली करगोट्याला. साताऱ्याहून तपासनीस आला, तो ‘असं दुकान तालुक्याच्या गावीही नाही’ म्हणून गेला. हे वाक्य सुकुमारने पुढे इतक्यांदा ऐकवलं की त्याची बायको कस्तुरी ते त्याच्याआधीच पुरं करू लागली.

कायदा सुकुमारला तोंडपाठ होता. गावाचा कायदा मात्र निराळा. औषधाची बाटली म्हटली की तिला पट्टी हवी. कागदाची उभी पट्टी घ्यायची, कडेला कातरीने खाचा पाडायच्या आणि खळीने बाटलीला चिकटवायची. औषध एका खुणेनं उतरलं की एक डोस झाला. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळायचं, म्हणून गावाला ती पट्टी फार प्यारी. पट्टीवाचून बाटलीत खरं औषध असतं, यावर कुणाचा विश्वास बसत नसे.

त्या दिवशी नदीपलीकडच्या मळ्यातली साळूबाई इस्लामपूरच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली. नवऱ्याच्या, नाथाजीच्या, गुडघ्याला चोळायचं औषध होतं. त्यात बचनागाचा अर्क. कातडीवर चोळला तर दुखणं ओढून घेणार, पोटात गेला तर माणूस हातचा जाणार. असलं औषध अंगावर रेघा उठलेल्या निळ्या बाटलीत द्यायचं, म्हणजे अंधारातही बोटांना कळावं. पण दुसरं महायुद्ध संपलं तरी टंचाई संपली नव्हती आणि सांगलीहून निळ्या बाटल्या येत नव्हत्या. सुकुमारने साध्या बाटलीत औषध भरलं आणि विषाची छापील लाल चिठ्ठी नीट लावली.

साळूबाईने बाटली फिरवून फिरवून पाहिली.

“आन पट्टी कुठं हाय?”

“चोळायचं औषध आहे, मावशी. त्याला पट्टी नसते.”

“अंबूबाईच्या बाटलीला लावली न्हवं मघा? आमी काय फुकट मागतूय व्हय? म्हातारा म्हनंल, बिनखुनाचं पानी घिऊन आलीस.”

“अहो, ते खोकल्याचं होतं.”

“मग गुडगा काय खोकल्यापरीस हलका हाय?”

मागची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, “द्या की अण्णा, कागुदच तर हाय.” सुकुमारचं डोकं फिरलं. त्याने गल्ल्यावरची एक पट्टी उचलली, खळीत बुडवली आणि फाटकन चिकटवली. “चोळायचं हं!” तो ओरडला. साळूबाई मोठी लढाई मारल्यासारखी निघून गेली.

दुपारी गर्दी जरा निवळल्यावर कस्तुरी पट्ट्या कातरायला बसली. कातरता कातरता म्हणाली, “आवं, साळूबाईला चोळायच्या औषधावर पट्टी दिलीसा व्हय? जाताना दारात दाखवत व्हती मला.”

“लाल चिठ्ठी लावली आहे ना? नियमात आहे सगळं.”

“ती इंग्रजीत हाय. त्यांच्या घरात वाचनार कोन?”

सुकुमारने पुढची पुडी बांधायला घेतली, ती सुटली; पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. आपण ‘चोळायचं’ म्हणून सांगितलंय, असं त्याने स्वतःला बजावलं. पण खुणा पाहून माणूस काय करतो, हे या पंचक्रोशीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानेच तर घरोघर शिकवलं होतं: खूण दिसली की प्यायचं.

“दुकान बंद कर,” तो कस्तुरीला म्हणाला आणि भर बाजारात सायकल काढून नदीकडे सुटला.

नाव पलीकडच्या काठाला होती. सुकुमारने हाका मारल्या, उपरणं हलवलं. पलीकडून गुंडा नावाडी आरामात ओरडला, “भरली की येतू!” बायका टोपल्या घेऊन एकेक करून उतरत होत्या, कुणी शेरडू चढवत होतं, ते शेरडू उलटं पळत होतं. सुकुमार वाळूत येरझारा घालू लागला. डोस जेवणाआधी घेतात की नंतर? म्हातारा जेवला असेल का? कायद्यानं मला कुणी काही म्हणू शकत नाही, हेही मधूनच मनात यायचं, आणि ते आलं की त्याला स्वतःची शिसारी यायची. माणूस मरत असेल आणि आपण परवान्याचा विचार करतोय! शेवटी तो धोतराचा काचा मारून पाण्यात शिरणार, तेवढ्यात नाव निघाली.

पलीकडे उतरल्यावर तो उसाच्या सरीतूनच पळाला. पाती तोंडाला कापत होती. मळ्यातल्या खोपीपुढे नाथाजी बाजेवर गुडघा पसरून बसला होता आणि समोरच्या भाकरीचा तुकडा मोडत होता.

“औषध घेतलं का?” सुकुमारला धड बोलवेना.

“न्हाई अजून. भाकरी झाल्याव देती म्हनली. का रं?”

सुकुमारचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच मातीत बसला आणि हसू लागला. मग त्याला उंबऱ्याजवळ ठेवलेली बाटली दिसली. औषध वरच्या खुणेच्या किंचित खाली होतं.

“मग हे कुणी घेतलं?”

“मी,” साळूबाई आतून येत म्हणाली. तिचा आवाज जड येत होता. “त्येंला द्यायचं म्हंजी आदी चाखून बगायला नगो? आमटीबी मी आदी चाखती. एक घोट घेतला, निम्मा थुकला. लय जहाल हाय, अण्णा. व्हटाला मुंग्या आल्यात... जीब कुनाची हाय तेच कळंना.”

“अहो, चोळायचं म्हणालो होतो!”

“चोळनार व्हते की. पर मग खुना कशापायी लावल्या?”

सुकुमारने मिठाचं पाणी कालवलं, तिला बळेच पाजलं, घशात बोटं घालून ओकायला लावलं; पुन्हा पाजलं, पुन्हा ओकवलं. तिचे हात गार पडत चालले होते. शेजारच्या वस्तीवरून बैलगाडी आली. इस्लामपूरपर्यंतची सगळी वाट सुकुमार तिची नाडी धरून बसला होता. नाडी अडखळायची, थांबल्यासारखी व्हायची, आणि तेवढ्यात गाडीवान “अण्णा, हाय न्हवं?” असं विचारायचा. नाथाजी तिचे गार तळवे चोळत राहिला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला सुया टोचल्या, छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं. उन्हं कलली तेव्हा ते बाहेर आले आणि म्हणाले, “वाचली. वेळेवर ओकवलंत म्हणून.” मग बाटली उजेडात धरून त्यांनी इंग्रजीत पुस्ती जोडली. चिठ्ठी बरोबर आहे, तुमच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही.

ते आत गेल्यावर नाथाजीने विचारलं, “सायबी भाषेत काय म्हनला डागदर?”

“म्हणाले, कायद्यानं माझी चूक नाही.”

“आन तू काय म्हनतूस?”

सुकुमारने पायाकडे बघितलं. “चूक माझीच आहे, बाबा. असल्या औषधाला पट्टी लावायची नसते, मला पुरतं ठाऊक होतं. गर्दी होती. वाद नको म्हणून लावली.”

नाथाजी आता फटकावेल म्हणून सुकुमार वाट बघत राहिला. फटकावलं असतं तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात आतून साळूबाईचा बोबडा आवाज आला.

“आवं, ऐकलंसा का? दिस बुडायला आलाय. जैनाचं पोर हाय ते, दिस बुडाल्याव खायाचं न्हाई. सकाळधरनं उपाशी आसंल. गाडीत शेंगा-गूळ हाय, त्येवढा द्या त्येला.”

नाथाजी लंगडत गाडीकडे गेला. फडक्यातला शेंगा-गूळ त्याने सुकुमारच्या ओंजळीत ओतला.

“खा,” तो म्हणाला. “तू पळत आलास म्हून ती हाय, हे मी इसरनार न्हाई. पर तुज्या दुकानाची पायरी पुन्यांदा चढनार न्हाई, हे तूबी इसरू नगंस.”

सुकुमारने मान हलवली. सूर्य अजून झाडांच्या वर होता. त्याने गुळाचा खडा तोंडात घातला.