दहा बोटांचं दार

"अमृतराव तुमी घरी. इथं तुमी दहा बोटं. दाखवा."

अमृतरावांनी दारातल्या गयाबाईपुढे हात केले. बाजारहत्नूरला त्यांचा भाजीचा मळा. बोटांत तीन अंगठ्या, मागे बायको रेणुकाबाई, आणि आत काचेच्या पेटीत दिवस भरण्याआधीच जन्मलेला चार दिवसांचा नातू.

"अंगठ्या काढा."

"निंगत नाई त्या. लग्नापासून हायेत."

"मंग नातू काचेतूनच पाहा. त्याच्या लग्नापस्तोर पाह्यत राहा."

अंगठ्या निघाल्या.

हा दवाखाना कुठला ते विचारू नका. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे आणि त्यात नवजात बाळांचा एक कक्ष आहे, एवढं पुरे. गयाबाई तिथली सफाईवाली. पगार झाडूपोछ्याचा, पण एकोणीस वर्षं तिने काम केलं ते दाराचं. बाहेर नळ, नळाशेजारी साबणाची बाटली आणि बाटलीशेजारी गयाबाई. तिने एका पुढाऱ्याला हात धुवायला लावलं, तेव्हा ते पाणी पिऊन शेजारच्या कुंडीतली सदाफुली संध्याकाळपर्यंत वाळली म्हणतात. एक मांजर दारात बसून पंजे चाटून स्वच्छ करी, म्हणून गयाबाईने त्याला आत सोडलं, असंही सांगणारे लोक आहेत. मांजराची गोष्ट मात्र खोटी. गयाबाई लाळ चालवून घेत नसे.

हात किती वेळ धुवायचे, याचं तिचं माप घड्याळातलं नव्हतं. दोन उखाणे. बायका हसत हसत घेत, पुरुष मान खाली घालून. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला नावाने हाक न मारलेल्या अमृतरावांनी त्या दिवशी नळाला तोंड करून म्हटलं, "मळ्यात लावली वांगी, वांग्याला आला बहर, रेणुकाचं नाव घेतो, गयाबाईचा कहर."

रेणुकाबाई अशी लाजली की तिचा दुसरा उखाणा राहूनच गेला. गयाबाईने तिला नळावरून परत फिरवलं.

दुसऱ्या दिवशी बाळाची पाचवी. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, आणि बाळ दवाखान्यात आहे म्हणून ती चुकवत नाही. रेणुकाबाईने घरून काळा दोरा आणला होता. हात धुतले, दोन उखाणे घेतले आणि पदराआडून तो बाळाच्या पायात बांधला.

सहाव्या दिवशी सकाळी बाळ तापलं. दुपारपर्यंत शेजारच्या दोन पेट्यांतली बाळंही दूध ओढेनाशी झाली. पेटी पुसताना गयाबाईला बाळाच्या पायातला दोरा दिसला.

"हे पाहा, सिस्टर! हे पाहा!" तिने चिमट्यात धरून दोरा बाहेर आणला तो साऱ्या व्हरांड्याला दिसेल असा. "घरचा मळ लेकराच्या पायात बांधला या बाईनं. एकाच्या नाई, तिघांच्या जिवावर उठली!"

"बाई, म्या त..." रेणुकाबाईने दोऱ्याकडे हात केला.

"लिवा, सिस्टर. नाव लिवा या बाईचं."

प्रणिता सिस्टर घाईत होत्या. त्यांनी नोंदवहीत लिहिलं: संशयित कारण, दोरा, आणि समोर रेणुकाबाईचं नाव. त्या दिवसापासून रेणुकाबाई बाहेरच्या पायरीवर बसली. आत यायला कोणी मनाई केली नव्हती, तिने स्वतःलाच केली. डबा येई तसाच परत जाई. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकच सांगे, "माह्या हातानं झालं."

डॉक्टर सुरेंद्र मात्र दोऱ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी कापसाच्या काड्या घेतल्या आणि सगळ्यावर फिरवल्या: नळ, पेट्यांची झाकणं, नळ्या, दूध पाजायच्या वाट्या, सिस्टरांचे हात, स्वतःचे हात, तो दोरासुद्धा. गयाबाई मिरवणुकीत चालावं तशी त्यांच्यापुढे चालत होती.

"माह्या साबणाचा बी घ्या, सार. असू द्या, शोभेले."

त्यांनी साबणाचाही नमुना घेतला.

नमुने, तिन्ही बाळांच्या रक्तासकट, आदिलाबादला गेले. दुसऱ्या दिवशी फोनवर रक्तातला जंतू कळला आणि औषध बदललं; तिसऱ्या दिवशी पूर्ण कागद आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, प्रणिता सिस्टरांना दिला आणि मग बाहेर येऊन साबणाची बाटली उचलून उजेडात धरली.

"अम्मा, यात पाणी कोण घालतं?"

"म्याच," गयाबाई म्हणाली. शाबासकी मिळणार असं तिला वाटलं. "तळाशी उरते ना, सार. फेकावं कसं? वरणाले पाहुणा वाढला त आपण तांब्याभर पाणी घालतोच का नाई? घातलं पाणी, हालवली बाटली, वरतून नवा साबण. एकोणीस वर्षांत एक थेंब वाया नाई जाऊ देला."

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. "पाणी घातलं की साबण मरतो, अम्मा. आणि त्यात जंतू जगतात. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवूनच भरायची असते. तिन्ही बाळांच्या रक्तात जो जंतू आहे, तोच या बाटलीत आहे. दोऱ्यात नाही. नळात नाही."

गयाबाईने आधी बाटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मंजे जो जास्त घासन, तो जास्त घेऊन जाईन आत?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

प्रणिता सिस्टर पुढे आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाले कोणी शिकवलंच नोतं, गयाबाई. आमी बी पाह्यलं नाई. मी लिवते, बाटलीत दोष होता. नाव कशाले पायजे? औषध बदललं हाय, लेकरं सुधरून राह्यली."

"बाटलीले हात नसतात, सिस्टर," गयाबाई म्हणाली आणि बाहेर गेली.

पायरीवर रेणुकाबाई, शेजारी अमृतराव. भोवती इतर बाळांचे सातआठ नातेवाईक. गयाबाई सर्वांसमोर उभी राहिली, दारात उभी राहायची तशीच, ताठ.

"रेणुकाबाई, तुमच्या दोऱ्यात काई नोतं. जंतू माह्या साबणात होता. म्याच पाणी घालू घालू पोसला. तुमी माह्या सांगण्यावरून हात धुतले अन् थोच आत नेला."

अमृतराव उठले. "अन् चार लोकांत आमच्या बाईले बोलली तवा?"

"म्हणून चार लोकांतच सांगून राह्यली. कमी वाटत असन त अजून बलवा. उभी हाय मी."

अमृतरावांचा हात वर झाला होता, तो पागोट्याकडे गेला आणि पागोटं सारखं करून खाली आला.

"पोरगं?" रेणुकाबाईने विचारलं. तीन दिवसांत तिने विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

"दवा बदलली. सकाळी दूध वढलं. रडलं बी, पार तुमच्या मालकावानी."

रेणुकाबाईने पदर तोंडाशी नेला. ती हसली की रडली ते पदरालाच ठाऊक. मग म्हणाली, "मंग बांधू काय दोरा आता?"

"नाई!" गयाबाई गरजली. "दोऱ्यात काई सापडलं नाई मंजे दोरा चालते असं नाई. घरी गेल्यावर बांधा, हातभर लांब बांधा. चला, उठा. नळ तिकडं हाय. बाटली आज नवी लावली, कोरडी करून. सिस्टरनं पाह्यलं, सारनं पाह्यलं, आता तुमी बी पाहा."

रेणुकाबाई उठली.

तिन्ही बाळं वाचली. सर्वांत लहानग्याला अकरा दिवस लागले. गयाबाई दारात आहे ती आहेच, फक्त आता रोज सकाळी रिकामी बाटली उलटी करून आलेल्या प्रत्येकाच्या नाकाखाली धरते, आणि थेंब पडला तर स्वतःलाच शिवी देते.

त्या दिवशी रेणुकाबाई आत गेल्यावर तिने प्रणिता सिस्टरांकडून नोंदवही मागून घेतली. सिस्टर नको म्हणाल्या. गयाबाईने वही सोडली नाही, रेणुकाबाईचं नाव कुठलं ते बोटाने दाखवून घेतलं. तिला लिहिता येणारा शब्द जगात एकच होता, पगाराच्या कागदावर सही करण्यापुरता शिकलेला.

ते पान अजून आहे. वरखाली सगळं इंग्रजी आणि तेलुगू. मधे रेणुकाबाईच्या नावावर आडवी रेघ, इतकी दाबून मारलेली की मागच्या पानावर उठली आहे. आणि रेघेपुढे, रकाना ओलांडून पार कागदाच्या काठापर्यंत गेलेली, वाकडी, मोठी चार अक्षरं: गयाबाई.