ढ म्हणजे आत्या

आत्या बोलत नव्हती. ओल्या शाईजवळ माणसं जशी आपापली बोटं सांभाळतात, तशी छापखान्याच्या त्या खोलीतली सगळी माणसं आपापली नजर सांभाळून होती. टेबलावर नव्या फॉन्टचा नमुना पसरला होता. त्याच्या मधोमध पोट पुढे काढून, कुणाची तरी हजेरी घ्यायला आल्यासारखा, ढ उभा होता. खाली बारीक टाइपात स्वच्छ छापलं होतं: आत्या.

चूक भाचीची होती. तीन वर्षं तिने एकेक अक्षर हाताने काढलं होतं आणि समोर माणूस असल्याशिवाय तिचा हात चालत नसे. बाइंडरच्या चष्म्यावरून ळ आला, पार्सलं पोचवणाऱ्या लंबूच्या तंगड्यांवरून झ. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला तिने त्याच्या धन्याचं नाव दिलं होतं. ती नावं पुसायची राहिली आणि अक्षरांखाली इमानेइतबारे छापून आली.

फॉन्ट होताही अगोचर. ओळीत सरळ उभं राहणं त्याच्या रक्तातच नव्हतं. मात्रा कलत्या टोप्यांसारख्या, उकार शेपटांसारखे. खेळण्यांच्या खोक्यांवर तो सुखाने नांदला असता. शोकसंदेशात मात्र त्याने मयतालाही गुदगुल्या केल्या असत्या. आज दुपारी मुलांच्या गोष्टींचं पुस्तक मशीनवर चढायचं होतं. छापखान्याची मालकीण आत्या. तिने सही केली तर पुस्तक या अक्षरांत निघणार. नाहीतर जुन्याच, शाळा तपासनिसाच्या चेहऱ्याच्या अक्षरांत, आणि भाचीची तीन वर्षं खणात पडणार.

लंबू खोकल्याच्या आडून हसला. आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. खोकला बरा झाला.

"पोट बरोबर जमलंय," ती अखेर म्हणाली. "ते काही मी लपवत नाही."

भाचीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच आत्याचं बोट कागदाच्या अगदी कडेला जाऊन थांबलं. तिथे विसर्ग होता. त्याखाली: आतोबा.

भाचीने सारवासारव करून पाहिली. आतोबा कमी बोलतात, कडेला उभे राहतात, म्हणून आपलं ते तसं झालं, वगैरे.

"तीस वर्षं मशीन त्यांच्या हातात आहे," आत्या म्हणाली, "आणि त्यांच्या वाट्याला दोन ठिपके? मला ढ कर, काय वाटेल ते कर. त्यांना धड अक्षर दे, मग सही माग."

भाचीने पेन्सिल उचलली. काचेपलीकडे आतोबा मशीनवर वाकले होते, त्याचा खडखडाट एखाद्या आजारी माणसाच्या श्वासासारखा कान देऊन ऐकत. तिने ती पाठ काढली. द झाला, पण तो कुणाचाही झाला असता. खोडला. पुढे झालेला हात काढला, तोही खोडला. इतकी वर्षं या माणसासमोरून ये-जा करून आपण त्याला एकदाही पाहिलं नाही, हे तिला खोडरबर झटकताना कळलं.

"आत्या, तूच सांग," ती हळूच म्हणाली. "तुला ते कसे दिसतात?"

आत्याची नजर काचेकडे गेली आणि तिथेच राहिली. मग सहीसाठी उघडलेल्या पेनाला तिने टोपण लावलं, ते भाचीच्या हाताशी ठेवलं, आणि "थांब, बघून येते," म्हणत दार ढकलून मशीनच्या खोलीत निघून गेली.