आवाज गिळणारी खुर्ची

शांतीबाबांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीपलीकडे कारखान्याचा मोठा पंखा घरघरत होता आणि बाबांच्या खुर्चीत बसलेली प्रत्येक बाई डोळे पुसतच उठत होती. "गेला हो आवाज! बाबांनी गिळला!"

मी रोजच्या जपाला कधी चुकत नाही. त्या खुर्चीत टेकले तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. घरघर खरोखरच विरली होती.

"मान हलवू नका, ताई. मान हलली की कृपा सांडते," बाबा म्हणाले. "बाहेरचा आवाज आधी गिळतो, आतला नंतर. आतला पचायला जरा जड!"

तो आतला आवाज जाईल याच आशेने माझी धाकटी जाऊ इथे येत होती. तिच्या डाव्या कानात एकाएकी शिट्टी वाजू लागली, ऐकू कमी येऊ लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, उशीर केलात तर कान जाईल. बाबांनी तिच्या गोळ्याच बंद केल्या.

यंत्रांचा आवाज नेमका कुठून निघतो ते शोधणं ही माझ्या भाचीची नोकरी. खुर्चीचं ऐकून ती बरेच मायक्रोफोन बसवलेली एक जाळी घेऊन आली, तर बाबा खूश! "येऊ दे, यंत्रालाही साक्षात्कार होऊ दे."

जाऊ खुर्चीत बसली. भाचीने जाळी समोर उभी केली. "मावशी, एवढ्या ठिकाणी आवाज टिपला की संगणक उलटं गणित करून त्याचा उगम दाखवतो. ही ध्वनी-होलोग्राफी. आवाजाचं चित्रच म्हण."

संगणकाच्या पडद्यावर भिंतीपाशी लाल डाग उमटला. तो पंखा. आणखी दोन डाग उमटले ते खुर्चीच्या पाठीत, डोकं टेकतं तिथे.

"बाबा, शांततेच्या खुर्चीतून आवाज कसा निघतो?"

"तो माझ्या तपाचा नाद आहे, पोरी."

"तपाला वायर असते?" तिने पाठीचं कापड ओढलं. आत दोन स्पीकर आणि एक मायक्रोफोन. "पंखा हवा ढकलतो त्याच क्षणी हे ओढतात. दोन्ही आवाज एकमेकांना मारतात, पण वीतभर जागेतच. म्हणून मान हलवायची नाही."

तिने वायर उपटली. घरघर परत आली.

"मग माझ्या कानातली शिट्टी?" जाऊने विचारलं.

"ती हवेत नाहीच, काकू. तिला हे काय मारणार?"

त्याच दिवशी आम्ही डॉक्टर गाठले. ते बराच वेळ तपासत राहिले. मग म्हणाले, "डावा कान आता परत येईलसं वाटत नाही."

माझा देवावर विश्वास आहे आणि राहील. पण औषध सोडायला लावतो तो देवाचा माणूस नव्हे. बायांनो, नवल दिसलं तर हात जोडण्याआधी त्याच्या मागे काय आहे ते बघा. आणि कान बिघडला तर आधी डॉक्टरकडे जा.