महिन्यातला दुसरा कावळा

लढाईच्या दिवसांत, १९४४ च्या उन्हाळ्यात, सांगलीच्या एका घरातल्या उमाला महिन्यातून दोनदा कावळा शिवू लागला. पहिला खरा, दुसरा तिनं स्वतः बोलावलेला.

त्याचं असं झालं. तिसऱ्या मुलीच्या वेळी उमा मरता मरता वाचली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, तीन वर्षं पुन्हा दिवस राहता कामा नयेत, राहिले तर मी हात टेकीन. मग जवळ बसवून उपायही सांगितला. दिवस मोजायचे ते चौथ्या दिवसाच्या न्हाण्यापासून नाही, बसल्या दिवसापासून. पुढं अंगावरून जाणाऱ्या पाण्याकडं लक्ष ठेवायचं. ओलं लागू लागलं की नवऱ्यापासून लांब. त्या पाण्याला पाकासारखी तार सुटेल, ती तार गेली तरी आणखी चार दिवस लांबच. "कधी चुकतंही हे," बाई म्हणाल्या, "पण लक्ष ठेवलंस तर पुष्कळ साधेल."

उमा हुशार. पाळी पुन्हा सुरळीत झाली तेव्हा ती माहेरी मेढ्यालाच होती. तिथं चार महिने तिनं आपलं अंग नीट ओळखून घेतलं आणि ताठ मानेनं सासरी आली.

अडचण होती ती चिंतामणची, म्हणजे नवऱ्याची. संस्थानच्या कचेरीतला हा कारकून माणूस म्हणून वाईट नव्हता, पण असला विषय निघाला की उठून चालता व्हायचा. त्याला थोपवायला ज्यापुढं कोणाचंच चालत नाही असं एकच कारण होतं. मधले दिवस आले की उमा खुशाल 'बाहेरची' होऊन मागच्या खोलीत बसू लागली.

पण कावळा पुरतो तीनच दिवस. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यावंच लागे. पुढचे दिवस ती डोकं दुखतंय, उपास आहे, असं काहीबाही सांगून जीव मुठीत धरून काढी.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी तिच्या सासूबाई, गोदावरीबाई, सरळ त्या खोलीत आल्या आणि तिच्या घोंगडीवर टेकल्या.

"सासूबाई, विटाळ होईल."

"कसला विटाळ? कापड मिळत नाही म्हणून घरातली एकेक चिंधी मी जपून ठेवते. तू बसून तीन दिवस झाले, गोठ्यामागच्या दोरीवर एक चिंधी वाळत नाही. खरं काय ते सांग."

उमानं सगळं सांगितलं. "मला मरायचं नाही, सासूबाई," ती शेवटी म्हणाली. "तीन पोरी आहेत माझ्या." तिचा आवाज जराही कापला नाही.

गोदावरीबाईंना नातू हवा होता, आणि ही गोष्ट अख्ख्या आळीला ठाऊक होती.

"महिन्यातले सहा दिवस चूल माझ्या गळ्यात," त्या म्हणाल्या, "आणि तेवढं करून तुझं काम भागतच नाही. एवढी शहाणी तू, आणि युक्ती काढलीस ती अर्धवट. उद्या न्हालीस की स्वयंपाकाला लाग."

उमाचं धाबं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना गोदावरीबाई मुलाला म्हणाल्या, "चिंतामण, माझे गुडघे धरलेत. तेल चोळायला कोणीतरी हवं. आठवडाभर उमा माझ्याजवळ निजेल." चिंतामणनं मुकाट्यानं मान हलवली. आईपुढं बोलायची त्याची काय बिशाद!

तेव्हापासून दर महिन्याला गुडघे धरू लागले. उमाचा दुसरा कावळा उडाला, चूल तिच्याकडं परत आली आणि गोदावरीबाईंना तेल चोळून मिळू लागलं. हे गुडघे ठरावीक दिवसांतच कसे दुखतात, हे चिंतामणला कधी खटकलं नाही.

गौरी-गणपतीत पाहुण्यांच्या राबत्यात उमाचं स्वतःकडं लक्षच राहिलं नाही. पंगत उठल्यावर ती चिंतामणच्या खोलीत अंथरूण घालत होती, तोच गोदावरीबाई भिंत धरून लंगडत आल्या.

"उमा, माझ्याकडं चल."

"अजून अवकाश आहे, सासूबाई," ती हळूच म्हणाली.

"नाही. मी मोजलेत. चल."

सकाळी उमानं पाहिलं तर पाण्याला तार सुटत होती. ती खोलीत परतली, सासूबाईंच्या पायाशी बसली आणि मुळीच दुखत नसलेले ते गुडघे हलक्या हातानं चोळू लागली.