कासवाचं वळण

लिआ गेल्याचा निरोप आला तेव्हा मागेकोन कोनफळाच्या वेलांना काठ्या लावत होता. हातातली काठी नीट बांधून झाल्यावरच तो खाली बसला.

मुलगी शहरात तापाने गेली आणि तिला तिथेच पुरलं. आठवड्याने तिची आठ वर्षांची सेरा बोटीने गावी आली, काखेत आईची चटई घेऊन. लिआ देवाघरी गेली, असं पाद्री म्हणाला. मागेकोनने मान डोलावली. पाद्री भला माणूस, पण दुसऱ्या बेटावरचा. आमच्या डोंगरावरची वाट त्याला काय ठाऊक?

त्या धुमसत्या डोंगराच्या वाटेवर एक म्हातारी बसलेली असते. मेलेलं माणूस आलं की ती राखेत त्याच्या घराण्याची नक्षी काढते, अर्धी पुसते आणि म्हणते, पुरी कर. जमलं तर पुढे पूर्वजांचं गाव. नाही जमलं तर ती गिळून टाकते.

मागेकोनच्या घराण्याची नक्षी कासवाची, बोट न उचलता एका रेघेत काढायची. ती फक्त मुलग्यांना शिकवायची रीत. लिआ लहानपणी हात धुऊन मागे लागली होती. त्याने तिला हाकललं होतं, नवऱ्याच्या घरची शीक म्हणून. पुढे नवऱ्याने टाकलं, आणि पोरगी ना इथली राहिली ना तिथली. आता ती म्हातारीपुढे काय काढणार, या विचाराने मागेकोनला घास गिळवेना.

रीतीचा तो फार पक्का. नक्षी काढताना केळींच्या आड कुणी चोरून बघतंय असं वाटलं, की शेपटीचं उजवीकडचं शेवटचं वळण मुद्दाम डावीकडे घ्यायचा. शेजारच्यांना फसवल्याचा त्याला केवढा अभिमान!

एका सकाळी सेरा किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत बोट फिरवत बसली होती. मागेकोन जवळ गेला आणि थबकला. पाठ, पाय, मान, सगळं कासव उमटत होतं.

"कुणी गं शिकवलं?"

"आईनं. केळींच्या मागं लपून बघायची म्हणे ती. तुम्हाला पत्तासुद्धा नव्हता."

मागेकोन हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग सेराचं बोट शेपटीपाशी आलं आणि डावीकडे वळलं.

"बरोबर आहे ना, आजोबा?"

मागेकोनने तिचं बोट धरलं आणि उजवीकडे नेलं. "इथून असं. हे विसरायचं नाही."

"मग आईचं चुकलं होतं?"

"आईचं नाही चुकलं," तो म्हणाला. "माझं चुकलं."

सेराने दहा वेळा बरोबर काढलं, मग भूक लागली म्हणून घरी पळाली. मागेकोन तिथेच बसून राहिला. त्याने कासव काढायला घेतलं. शेपटीपाशी बोट आपोआप उजवीकडे गेलं. साठ वर्षांची सवय. त्याने ते पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. आपली वेळ आली की त्याला डावीकडे वळायचं होतं. लेकीला म्हातारीने जिथे अडवलं, त्याच्या पुढे त्याला जायचंच नव्हतं.

दुपारपर्यंत बोट डावीकडे वळायला लागलं.